चित्राखालची ओळ

हिमालयात बुरांश फुलला की त्याच्या लाल गुच्छांभोवती एक चिमुकला शिंजीर घिरट्या घालू लागतो. नराचे डोके आणि गळा जांभळट निळा, पाठ आणि मानेच्या बाजू किरमिजी, पोट पिवळेधमक, शेपटी लांब आणि निळी. आपल्या परसातल्या जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिरांचाच हा डोंगरातला भाऊबंद. निकोलस व्हिगर्स या प्राणिशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये लंडनला त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या नावात 'गूल्डीए' हा शब्द घातला. व्यक्तीवरून जातीचे नाव ठेवताना लॅटिन व्याकरणाचा एक नियम पाळला जातो. पुरुषाच्या नावाला एक प्रत्यय लागतो, स्त्रीच्या नावाला दुसरा. 'गूल्डीए' हे रूप स्त्रीलिंगी आहे. म्हणजे पक्षिशास्त्राच्या इतिहासात 'गूल्ड' म्हटल्यावर ज्याची आठवण होते, त्या जॉन गूल्डचा हा पक्षी नव्हे. त्याची बायको एलिझाबेथ हिच्यासाठी ते नाव ठेवले गेले. तेव्हा ती २६-२७ वर्षांची होती आणि चित्रकार म्हणून तिचे पहिलेच पुस्तक छापले जात होते. एलिझाबेथ गूल्ड ही नवऱ्याच्या कामात हातभार लावणारी गृहिणी होती, असे तिच्याविषयी दीर्घकाळ लिहिले गेले. ते चूक आहे, आणि चूक असल्याचा पुरावा तिच्याच काळात छापलेल्या कागदांवर आहे, असे मला या प्रकरणात दाखवायचे आहे.

एलिझाबेथ कॉक्सन १८ जुलै १८०४ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात, रॅम्सगेट या बंदराच्या गावी जन्मली. मध्यमवर्गातल्या ज्या शिकलेल्या मुलींना स्वतःचे पोट भरावे लागे, त्यांना त्या काळी एकच सभ्य वाट मोकळी होती, ती गव्हर्नेसची. तिनेही लंडनला एका घरी मुलीला फ्रेंच, लॅटिन आणि संगीत शिकवण्याची नोकरी केली. आईला लिहिलेल्या पत्रांत तिने तिथल्या एकटेपणाची आणि कंटाळ्याची तक्रार केली आहे. चित्र काढणे हा तेव्हा मुलींच्या शिक्षणाचा नेहमीचा भाग होता. त्याकडे बघण्याची दृष्टी मात्र वेगळी होती. चार लोकांत मुलगी शोभून दिसावी, एवढाच त्या कलेचा उपयोग मानला जाई. तिच्याच वयाचा जॉन गूल्ड एका माळ्याचा मुलगा होता. मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरण्याच्या धंद्यात त्याने नाव काढले आणि १८२७ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या संग्रहालयात त्याची नेमणूक झाली. ५ जानेवारी १८२९ रोजी दोघांचे लग्न झाले. जॉनची हुशारी खरी होती. पक्ष्याची ठेवण त्याला अचूक कळे, बाजाराचा अंदाज होता, माणसे जोडता येत आणि पैसा गुंतवण्याची छाती होती. पण पुस्तकात छापता येईल असे पुरे चित्र काढणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. इथून पुढचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

१८३० च्या सुमारास हिमालयातल्या पक्ष्यांच्या कातड्यांचा एक मोठा संग्रह लंडनला पोहोचला. ते पक्षी कोणी टिपले, कोणी सोलले, कोणाच्या पाठीवरून ते डोंगर उतरले, यांतले एकही नाव पुस्तकात आले नाही. संग्रहात काही जाती युरोपला पूर्णपणे नव्या होत्या. जॉनने त्यांतल्या शंभर पक्ष्यांचे ८० चित्रांचे भव्य पुस्तक काढायचे ठरवले. प्रकाशक मिळेना, तेव्हा स्वतःच वर्गणीदार गोळा केले. मजकूर व्हिगर्सने लिहिला. चित्रे एलिझाबेथने काढली. मुखपृष्ठावर लेखक म्हणून नाव आले जॉन गूल्डचे. हे पुस्तक हाती आले तर मुखपृष्ठ उलटून एखाद्या चित्राखालची बारीक ओळ वाचावी. निसर्गावरून आणि शिळेवर ई. गूल्ड हिने चितारले, अशा अर्थाची इंग्रजी ओळ तिथे आहे, आणि तिच्याजवळच हलमँडेल या मुद्रकाचे नाव. मुखपृष्ठ एक सांगते आणि चित्राखालची ओळ दुसरे. मुखपृष्ठ ग्रंथालयाच्या यादीत गेले. ओळ जिथल्या तिथे राहिली.

शिळेवर चितारणे म्हणजे काय, हे जरा खोलात जाऊन पाहिले पाहिजे. ते तंत्र नीट कळले नाही तर एलिझाबेथचे काम नक्कल काढण्याचे वाटते. शिळाछाप ही त्या काळची नवी कला. मराठी वाचकाला ती अगदीच परकी नाही. याच वर्षांत, १८३१ च्या सुमारास, मुंबईत गणपत कृष्णाजी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापत होते. तत्त्व साधे आहे. बव्हेरियातून येणाऱ्या गुळगुळीत चुनखडीच्या जड शिळेवर तेलकट खडूने रेखाटायचे. मग शिळा ओली करायची. कोऱ्या भागावर पाणी धरते आणि तेलकट रेघेवरून ते सरकते. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेला चिकटते. तांब्यावर किंवा लाकडावर कोरण्याच्या जुन्या पद्धतीत चित्रकार आणि छपाई यांच्यामध्ये कोरणाऱ्याचा हात यायचा. शिळाछापीत हे मधले माणूस गेले आणि चित्रकाराच्या खडूची रेघच कागदावर उतरू लागली. पण सोय झाली तशी जबाबदारीही वाढली. शिळेवर सगळे उलटे काढावे लागते, कारण छापताना उजवे डावे होते. चुकलेली रेघ सहज पुसता येत नाही. बोटाचा तेलकट ठसा उमटला तरी तोही छापून येतो. हे तंत्र तिला एडवर्ड लिअरने शिकवले असे मानले जाते. तो तेव्हा पोपटांवरचे स्वतःचे शिळाछापी पुस्तक काढत होता आणि विशीच्या आतला होता. शिळेवरून काळ्या रेघांचे ठसे निघाले की कारागिरांचा एक गट चित्रकाराचा रंगीत नमुना समोर ठेवून एकेका प्रतीत हाताने रंग भरत असे. म्हणजे शिळेवरची रेघ एलिझाबेथची आणि ज्या नमुन्यावरून रंग भरले गेले तोही तिचाच.

आता तिच्यासमोर काय होते ते पाहू. ना हिमालय, ना उडता पक्षी. होते ते कापूस भरलेले, पाय जुळवून बांधलेले, मान आखडलेले वाळके कातडे. पक्षी मेला की पिसांचा रंग बहुतांशी टिकतो, पण चोच, पाय, डोळा आणि डोळ्याभोवतीची उघडी कातडी यांचा रंग लवकर उतरतो. टुकान पक्ष्याच्या चोचीचे तर सारे वैभवच रंगाचे असते, आणि मेल्यावर तेच आधी जाते. वाळलेल्या कातड्यात डोळ्याच्या जागी कापूस असतो. मान किती लांब असेल, छाती किती भरदार, पंख मिटला की कुठली पिसे कशाखाली जातात, पक्षी फांदीवर आडवा बसत असेल की ताठ, यांतले काहीच कातडे सांगत नाही. चित्रकाराने प्रत्येक प्रश्नाचे एक उत्तर निवडायचे असते, आणि उत्तर निवडणे म्हणजे त्या पक्ष्याविषयी एक विधान करणे. पंखातली टोकाची पिसे किती आणि कोणती लांब, चोचीचा वरचा भाग खालच्यापेक्षा किती पुढे येतो, भुवईची रेघ डोळ्याच्या पुढून सुरू होते की मागून, यावरून जात ठरते. लॅटिनमधले चार ओळींचे वर्णन वाचून कोणी पक्षी ओळखत नसे. पॅरिसचा किंवा बर्लिनचा अभ्यासक लंडनचे कातडे पाहू शकत नव्हता. त्याच्यासाठी ते चित्र हाच पक्षी होता. या अर्थाने एलिझाबेथची चित्रे पुस्तकाची सजावट नव्हती. व्हिगर्सच्या मजकुराइतकीच, कित्येक ठिकाणी त्याहून जास्त, ती त्या पुस्तकाची शास्त्रीय सामग्री होती. तिच्या नावाचा शिंजीर तिने स्वतः कधी उडताना पाहिला नाही. ती भारतात कधी आली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: कच्ची रेखाटने जॉन करत असे, एलिझाबेथ ती फक्त शिळेवर उतरवत असे. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्याला आधार खुद्द जॉनच्या शब्दांचा आहे. युरोपातल्या पक्ष्यांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने लिहिले की यातली बहुतेक चित्रे, आणि हिमालयाच्या पुस्तकातली सगळी, मिसेस गूल्ड हिने काढून शिळेवर चढवली आहेत, पण माझ्या रेखाटनांवरून. एका वाक्यात श्रेयही आले आणि त्याची मर्यादाही. सुदैवाने गूल्डच्या कार्यशाळेतली रेखाटने मोठ्या संख्येने टिकली आहेत. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या ग्रंथालयातच सुमारे २००० आहेत. जॉनच्या हातची म्हणून ओळखली जाणारी रेखाटने घाईची आहेत. पक्ष्याचा बाक, मानेचे वळण, दोन पक्षी असतील तर त्यांची मांडणी आणि बाजूला सूचना. त्यांत कल्पकता आहे, पक्षी पुष्कळ पाहिलेल्या माणसाची जाणही आहे. ती मांडणी ही जॉनचीच देणगी, आणि ती त्याच्याकडून काढून घेण्याचे कारण नाही. पण रेखाटनापासून छापलेल्या चित्रापर्यंत पोहोचताना पिसांची भर, चोचीची कड, डोळ्यातली चमक, नखांची पकड, छायाप्रकाश, पान आणि फांदी हे सारे मध्ये येते. कागदावरच्या पाच रेघांतून ते आपोआप उगवत नाही. घराचा आराखडा काढणारा आणि घर बांधणारा दोघेही लागतात. पण भिंतीच्या एकेका चिऱ्याचा निर्णय बांधणाऱ्याने घेतला असेल, तर त्याला आराखडा गिरवणारा म्हणता येणार नाही.

याहून ठोस पुरावा चित्रांखालच्या ओळींतच आहे, फक्त त्या एकामागून एक वाचाव्या लागतात. हिमालयाच्या पुस्तकात ई. गूल्ड एकटीच. युरोपच्या पुस्तकात तिची चित्रे 'जे. आणि ई. गूल्ड' अशा जोडनावाने येतात. १८४१ नंतर 'जे. गूल्ड आणि एच. सी. रिश्टर', आणि पुढे वुल्फ, हार्ट अशी इतर चित्रकारांची नावे दिसतात. जॉन १८८१ मध्ये वारला तोवर त्याच्या नावावर सुमारे ३००० चित्रे प्रसिद्ध झाली होती. हिमालयाच्या पुस्तकानंतरच्या या जोडनावांत बहुतेक ठिकाणी पहिले नाव जॉनचे आणि दुसरे बदलत जाणारे. शिळेवर हात चालवणारे माणूस तिथे दुसऱ्या जागी आहे. जॉनने स्वतः शिळेवर चितारले नाही, यावर अभ्यासकांचे आज जवळपास एकमत आहे. तेव्हा पहिले नाव मालकाचे, असाच या ओळींचा अर्थ लावावा लागतो. लिअरने म्हातारपणी जॉनविषयी कडवटपणे लिहिले की सुरुवातीच्या काळात त्याचे सारे यश त्याच्या उत्तम पत्नीचे आणि माझे होते. लिअरला जॉनचा राग होता, हे ध्यानात घेऊनच ती साक्ष तोलली पाहिजे. पण रागावलेल्या माणसाने स्वतःबरोबर दुसऱ्या कोणाला तरी श्रेय दिले, आणि ते एलिझाबेथला दिले, म्हणून त्याच्या शब्दाला मी वजन देतो.

एक साक्षीदार असा आहे की ज्याला कोणाची बाजू घेण्याचे कारण नव्हते. चार्ल्स डार्विन बीगल जहाजावरच्या प्रवासाहून परतला आणि जानेवारी १८३७ मध्ये त्याने गोळा केलेले पक्षी झूऑलॉजिकल सोसायटीच्या हवाली केले. गॅलापागोस बेटांवरच्या वेगवेगळ्या चोचींच्या पक्ष्यांना डार्विन निरनिराळ्या कुळांतले समजत होता. ते सगळे एकमेकांच्या जवळचे फिंच आहेत, हे जॉनने काही दिवसांतच ओळखले. जॉनच्या कारकिर्दीतला हा सर्वांत तेजस्वी निर्णय, आणि तो निखळ त्याचा आहे. पण तो निर्णय वाचकासमोर सिद्ध कसा करायचा? हे पक्षी दिसायला अगदी साधे, काळे नाहीतर मातकट. हिमालयातल्या मोनाल पक्ष्यासारखा झळाळता रंग नाही, टुकानसारखी नाट्यमय चोच नाही. फरक आहे तो चोचीच्या जाडीत, उंचीत आणि वळणात, तोही काही मिलिमीटरांचा. रंगाच्या आड लपण्याची सोय नसलेले हे पक्षी चित्रकाराची खरी परीक्षा घेतात. बीगल प्रवासाच्या प्राणिग्रंथातल्या पक्षिविभागात ५० चित्रे आहेत. त्याच्या आरंभी डार्विनने स्पष्ट नोंदवले की रेखाटने मिस्टर गूल्डची आणि शिळेवरचे काम मिसेस गूल्डचे, आणि तिच्या सगळ्या कामांप्रमाणे तेही तिने उत्तम साधले आहे. त्यातले 'सगळ्या कामांप्रमाणे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तिची स्वतःची अशी कामे आहेत आणि वाचकाला ती ठाऊक आहेत, हे डार्विन गृहीत धरतो. उत्क्रांतीच्या विचाराचे चिन्ह बनून गेलेल्या त्या चोची ग्रंथात शिळेवर उतरल्या त्या तिच्या हाताने.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. लिअरचे पोपट पाहावे आणि मग एलिझाबेथचे हिमालयातले पक्षी. लिअरचा पक्षी आता मान वळवील असे वाटते, तिचा पक्षी ताठ उभा असतो, कधी कधी तर पेंढा भरल्यासारखाच. हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. तिची सुरुवातीची चित्रे अवघडलेली आहेत. लिअर प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत पोपटासमोर बसे, तिच्यासमोर वाळकी कातडी होती, हा फरक मोजायला हवा, पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही. लिअर असामान्य होता. मात्र इथे वाद तिची प्रतिभा लिअरएवढी होती का, असा नाही. ती जे करत होती ते शास्त्र होते की शिवणटिपण, असा तो आहे. आणि शिकण्याचा तिचा वेगही पाहिला पाहिजे. युरोपच्या पुस्तकात ४४८ चित्रे आहेत, त्यांतली ६८ लिअरची. उरलेली सुमारे ३८० तिच्या हातून शिळेवर गेली, ती १८३२ ते १८३७ या पाच वर्षांत. हिशेब केला तर सरासरी दर पाचव्या दिवशी एक चित्र पडते. त्याच काळात टुकानांचे पुस्तक झाले, कर्णा पक्ष्याच्या कुळाचे सुरू झाले, आणि ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्यांच्या फक्त डोक्यांची चित्रे असलेले एक पुस्तकही निघाले. हे सगळे बाळंतपणे चालू असताना. बारा वर्षांच्या संसारात तिला आठ मुले झाली, त्यांतली सहा जगली. एवढ्या कामाला हातभार म्हणायचे असेल, तर कामाला काय म्हणायचे?

मे १८३८ मध्ये गूल्ड दांपत्य ऑस्ट्रेलियाला निघाले. तिथल्या पक्ष्यांचे पुस्तक लंडनमधल्या कातड्यांवरून करण्याऐवजी तिथे जाऊन करावे, असे ठरले होते. थोरला मुलगा बरोबर होता. तीन धाकटी मुले लंडनला आजीजवळ ठेवली होती. तिच्या पत्रांत या मुलांची आठवण पुन्हा पुन्हा येते, आणि ती वाचताना जीव तुटतो. पण त्याच पत्रांत दुसरी एलिझाबेथही भेटते. सप्टेंबरमध्ये जहाज टास्मानियातल्या होबार्टला लागले. जॉन बेटे आणि जंगले पालथी घालत होता आणि ती होबार्टला चित्रे काढत होती. तिथे ६ मे १८३९ रोजी तिला मुलगा झाला, त्याचे नाव फ्रँकलिन टास्मान. तिथून तिने आईला कळवले की इथल्या वनस्पती चितारण्यात मन रमते, आणि त्यांचा पक्ष्यांच्या पुस्तकाला उपयोग होईल. हे वाक्य चरित्रकार भरभर ओलांडून जातात. मला ते कळीचे वाटते. हिमालयाच्या पुस्तकातला पक्षी एखाद्या नाममात्र फांदीवर बसलेला असतो. फांदी कोणत्याही झाडाची असू शकते, कारण चित्रकाराने ते झाड पाहिलेलेच नाही. ऑस्ट्रेलियाच्या पुस्तकात मात्र तिथलीच फुले, तिथलीच पाने, तिथलीच शेंग पक्ष्याभोवती येऊ लागली. पक्षी कशावर बसतो, काय खातो, हे चित्रातच कळू लागले. हा बदल पुस्तक रंजक करण्यासाठी झाला असेल, पण त्याचा परिणाम ज्ञानात भर घालणारा होता. आणि वनस्पतींच्या कामाची नोंद जॉनच्या नव्हे, तिच्या पत्रात आहे. ताजा पक्षी समोर असल्यामुळे चोच, पाय, डोळा यांचे खरे रंगही आता टिपता येत होते. पुढे ती न्यू साउथ वेल्समध्ये भावाच्या वसाहतीवर राहिली. तिथेही काम थांबले नाही.

ऑगस्ट १८४० मध्ये कुटुंब लंडनला परतले. आणलेल्या साहित्यावरून तिने शिळेवर चितारायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रंथाची ८४ चित्रे तिच्या हातून झाली. १५ ऑगस्ट १८४१ रोजी, आठव्या बाळंतपणानंतर आलेल्या सूतिकाज्वराने, ती वयाच्या ३७ व्या वर्षी गेली. बाळंतिणीला हात लावण्यापूर्वी डॉक्टरने हात नीट धुतले तर हा ताप टळतो, हे इग्नाझ झेमेलवाइसने व्हिएन्नात दाखवले ते १८४७ मध्ये, सहा वर्षांनी. तिच्या अकरा वर्षांच्या कामातून ६०० हून अधिक शिळाछापी चित्रे मागे राहिली. ऑस्ट्रेलियाचा ग्रंथ सात खंडांत आणि ६०० चित्रांसह १८४८ मध्ये पुरा झाला. तिच्या रेखाटनांवर पुढचे शिळाकाम रिश्टरने केले, त्यामुळे तिच्या हाताने सुरू झालेल्या कित्येक चित्रांखाली तिचे नाव नाही. प्रस्तावनेत जॉनने तिच्याविषयी मनापासून लिहिले. युरोपच्या ग्रंथाची बहुतेक चित्रे माझ्या पत्नीने केली असे मला सांगता आले होते, या ग्रंथाबद्दल तसे सांगण्याचे भाग्य नाही, असा त्याचा आशय आहे. हा नवरा कृतघ्न नव्हता. १८४४ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातल्या सप्तरंगी फिंचला त्याने तिचे नाव दिले, आणि पुन्हा तोच स्त्रीलिंगी प्रत्यय आला. त्या पक्ष्याचे हे नाव तिने कधी ऐकले नाही. 

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकातल्या बाईला एकविसाव्या शतकाचे श्रेय का मोजून द्यायचे? तिने स्वतः कुठे तक्रार केली? बायकोचे काम नवऱ्याच्या नावावर जाणे हीच त्या काळाची रीत होती, मग आजचा न्याय तेव्हाच्या माणसांना लावणे अन्याय्य नाही का? हा आक्षेप वरवर समंजस आहे, पण तथ्यांपुढे तो टिकत नाही. तिच्या काळाला तिचे काम ठाऊक होते. १८३१ मध्ये व्हिगर्सने शिंजिराला तिचे नाव दिले. हिमालयाच्या पुस्तकात मुद्रकाने चित्राखाली तिचे एकटीचे नाव छापले. जॉनने प्रस्तावनेत कबुली दिली. डार्विनने ग्रंथाच्या आरंभी तिचे कौतुक केले. म्हणजे आपण १८३० च्या लोकांवर आजचे माप लादत नाही, त्यांचेच माप त्यांच्याकडून परत मागतो आहोत. विसर पडला तो पुढच्या दीडशे वर्षांत. लिलावाच्या याद्यांत, ग्रंथालयांच्या नोंदींत, दिवाणखान्यात टांगलेल्या चौकटींखाली 'जॉन गूल्ड' एवढेच उरले. आडनाव दोघांचे एकच, त्यामुळे 'ई.' हे आद्याक्षर गळले तरी कोणाला खटकले नाही. रिश्टर किंवा वुल्फ यांचे नाव गाळले असते तर कोणीतरी विचारले असते. तिच्या पत्रांच्या आधारे तिचे चरित्र ॲलेक चिझम या ऑस्ट्रेलियन लेखकाने लिहिले तेव्हा १९४४ साल उजाडले होते.

असा विसर फक्त बायकांच्याच वाट्याला आला असेही नाही, आणि हे सांगितल्याशिवाय एलिझाबेथची बाजू मांडणे मला अर्धवट वाटते. हिमालयातल्या मोनालच्या शास्त्रीय नावात 'इम्पे' हे आडनाव आहे. ते लेडी मेरी इम्पे हिचे. कलकत्त्याच्या सरन्यायाधीशाची ही पत्नी. १७७७ ते १७८२ या काळात तिने आपल्या पशुपक्ष्यांची अप्रतिम चित्रे करून घेतली. ती चितारणारे शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास हे चित्रकार पाटण्याचे. ती चित्रे दीर्घकाळ 'इम्पे संग्रह' म्हणून ओळखली गेली, आणि पक्ष्यांवर नाव कोरले गेले ते संग्रह करवून घेणाऱ्याचे. इम्पेबाईला मान मिळाला तो मालकीण म्हणून. एलिझाबेथला शिंजीर मिळाला तो चित्रकार म्हणून. म्हणून व्हिगर्सचा तो स्त्रीलिंगी प्रत्यय मला इतका मोलाचा वाटतो. १८३१ मध्ये एका शास्त्रज्ञाने, हात ज्याचा त्याला नाव, असा व्यवहार एकदा तरी केला होता.

एलिझाबेथचे काम आज मोफत पाहता येते. हिमालयाचा आणि ऑस्ट्रेलियाचा ग्रंथ, बीगलचा पक्षिविभाग, हे सगळे संगणकावर पानोपानी उघडते. वाचकाला विनंती एवढीच की चित्र उघडल्यावर पक्षी डोळे भरून पाहावा, आणि मग नजर खाली नेऊन ती बारीक ओळ वाचावी. आणि ते चित्र कुठे वापरायचे असेल, पाठ्यपुस्तकात, भिंतीवर, पक्षिमित्रांच्या दिनदर्शिकेत, तर त्याखाली 'गूल्ड' एवढेच लिहू नये. 'एलिझाबेथ गूल्ड' असे पूर्ण लिहावे.